बंदूकवाले तात्या

तात्यांचं आणि माझं एका गोष्टीवर शेवटपर्यंत जमलं नाही, आणि ती गोष्ट त्यांच्या ओसरीत खुंटीला टांगलेली असायची. दुनळी बंदूक. वडिलांच्या नावावरून त्यांच्या नावावर आलेली, दस्ता हाताच्या घामानं काळा पडलेला. तात्या जाऊन आता वर्ष होत आलं. मी रोज कुणाशी तरी भांडते, ते माझं कामच आहे. पण ज्याच्याशी भांडून घरी जाताना पोट भरल्यासारखं वाटावं असा माणूस पुन्हा भेटलेला नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. पाटोदा तालुक्यातलं, डोंगराच्या कडेचं गाव आहे, आणि लोकांना तिथं अजून राहायचं आहे.

मी पहिल्यांदा तिथं गेले ती पत्रकं घेऊन. आमचा दहा-बारा पोरापोरींचा गट. मागणी एकच : बीड जिल्ह्यातले शस्त्रपरवाने रद्द करा. आमच्याकडे काय चाललंय हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. ज्याला दाढी फुटली, ज्याचा काका पुढारी आहे, त्याच्या कमरेला पिस्तूल. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पिस्तूल, मोबाईलवरच्या रीलमध्ये पिस्तूल. कारण काय लिहितात अर्जात? स्वसंरक्षण. कुणापासून? ते कुणी विचारत नाही. मी ते विचारणारं पत्रक लिहिलं होतं, आणि त्यात उद्गारचिन्हांची काटकसर केलेली नव्हती.

तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी पत्रक घेतलं, आणि इतर लोक करतात तसं घडी घालून खिशात घातलं नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ओठ हलवत वाचलं. छापखान्याचं नावसुद्धा वाचलं.

"कुणी लिवलंय हे?"

"मी."

"लई तावात लिवलंय. चूक हाय, पण तावात हाय. बस."

मी बसले. त्यांनी मान वळवून डावा कान माझ्याकडे केला. उजवा कान तरुणपणी बंदुकीच्या बारानंच गेलेला. पुढं लक्षात आलं की हा कान त्यांना फार उपयोगाचा होता. नको असलेलं बोलणं सुरू झालं की ते सावकाश उजवीकडून ऐकायला लागत.

"आता मला सांग," तात्या म्हणाले, "पोलीस कुणाचे? ज्याचं सरकार त्याचे. सरकार कुणाचं? आज ह्याचं, उद्या त्याचं. मग गावाचं कोण? रझाकाराच्या वक्ताला कोण आलतं आमच्याकडं? दिल्लीची फौज आली ती मागून. त्याच्या आधी आमचे वडील हीच बंदूक घिऊन घाटाच्या तोंडाला बसलते. रझाकार खालच्या गावापतोर आले आन् माघारी गेले. एक बंदूक, पोरी. एका बंदुकीनं गाव सोतंत्र राह्यलं."

आतून कौसाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला. "गावाला रस्ताच नव्हता. बैल बी चढाया तयार व्हईना, रझाकार कशाला मरायला येतील वर?"

"तू होतीस का गं तवा?"

"तुमी तरी कुठं होताव? तुमी तर मागून जन्माला आलाव."

तात्यांनी उजवा कान घराकडे केला. चहा आला. त्या दिवसापासून माझं नाव पडलं 'पत्रक'. "काय गं पत्रक, आज काय रद्द करून आलीस?" असं विचारल्याशिवाय त्यांनी मला कधी आत घेतलं नाही.

मी जात राहिले. महिन्यातून एकदा, दोनदा. काम असो नसो. माझ्या गटातली पोरं चिडवायची, विरोधकाच्या घरी भाकरी खाऊन येते म्हणायची. मी म्हणायचे, प्रबोधन करते आहे. खरं तर प्रबोधन कुणाचं चाललं होतं कोण जाणे. मला तिथं बरं वाटायचं. माझ्या घरी मी बोलायला लागले की वडील टीव्हीचा आवाज वाढवतात. तात्या माझं म्हणणं पुरतं ऐकायचे, मग म्हणायचे, "चूक." आणि का चूक ते सांगायचे. माझ्या वयाच्या मुलीला आमच्या जिल्ह्यात इतका मान कुणी देत नाही.

बंदूक मिरवायची नाही हा त्यांचा पहिला नियम. कडा गावी भाच्याच्या लग्नात पोरांनी पिस्तुलं काढून हवेत बार टाकले, आणि एकानं येऊन म्हटलं, "मामा, तुमची असती तर दोन्ही नळ्या वाजवल्या असत्या आपण!" तात्या पंगतीत बसले होते. भात पुढं आला होता. तसेच उठले आणि हात धुतले. म्हणाले, "बंदूक वाजवायची नसती. बंदूक असायची असती." मग उपाशीपोटी एसटीनं घरी आले, आणि आल्यावर उपाशी राहिल्याबद्दल काकूंची बोलणी खाल्ली.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तात्या हुकूम निघाला की दुसऱ्या दिवशी बंदूक वाकळीत गुंडाळून एसटीत बसत. एकदा मी त्याच गाडीत होते. कंडक्टर ओळखीचा.

"तात्या, काय हाय वाकळंत?"

"बंदूक."

आजूबाजूच्या बाया सरकल्या. कंडक्टर म्हणाला, "भरलीय का?"

"तुझ्या डोक्यावानी हाय. रिकामी."

ठाण्यात बंदूक दिली, पावती घेतली, आणि मग तात्यांनी हवालदाराला विचारलं, "भैयाची जमा झाली का?" भैया म्हणजे आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा पुतण्या. हवालदार चांगला माणूस होता, खाली बघून म्हणाला, "त्यांना सवलत हाय, तात्या. जिवाला धोका हाय त्यांच्या."

"कुणाकडून?"

"आता काय सांगावं... लोकांकडूनच की."

"म्हंजी लोकांकडून त्याला धोका हाय म्हणून त्याची बंदूक त्याच्याकडं, आन् लोकांची तुमच्या कपाटात. बराबर हाय. चाललो."

हे मी पुढच्या पत्रकात जसंच्या तसं छापलं. तात्या खवळले. "माझं वाक्य माझ्याच विरुद्ध वापरलंस व्हय गं? मी म्हणतो सगळ्यांकडं असू द्या. तू म्हणतीस सगळ्यांच्या काढा." मी म्हटलं, सगळ्यांकडे दिल्या तर भैयाकडे वीस येतील आणि तुमच्याकडे एक राहील. "एक लई झाली," तात्या म्हणाले. यावर आमची संध्याकाळ गेली. मी जिंकले असं मला वाटलं. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण दोघंही खुशीत होतो.

मग भैयाची नजर गावाच्या गायरानावर पडली.

गायरान म्हणजे गावाची सगळ्यांची जमीन, डोंगराच्या पोटाशी. शेरडं तिथं चरतात. त्याच्या कडेलाच तात्यांचं शेत. भैयाला तिथं खडी क्रशर टाकायचा होता. त्याला ग्रामसभेचा ठराव पाहिजे होता. पहिली सभा झाली तेव्हा त्याची चार पोरं येऊन पुढच्या रांगेत बसली. एकानं पट्टा सैल करायचं निमित्त करून पिस्तूल काढलं आणि ग्रामसेवकाच्या टेबलावर, हजेरीच्या रजिस्टरशेजारी ठेवलं. झालं. लोक एकेक करून लघवीला उठले ते परत आले नाहीत. कोरम नाही म्हणून सभा तहकूब.

मी तक्रार दिली. तहसीलला दिली, ठाण्यात दिली, वर मेल केली. उत्तर आलं, परवाना वैध आहे. वाचा पुन्हा. परवाना वैध आहे! गावाच्या तोंडावर पिस्तूल ठेवायचा परवाना वैध आहे.

तेव्हा गावातले सात-आठ बाप्ये तात्यांच्या ओसरीत आले. म्हणाले, "तात्या, तुमी बोलू नका. काईच करू नका. निस्ती बंदूक घिऊन समोर बसा. बाकी आमी बघतो."

तात्यांचा चेहरा मला आठवतो. बापाच्या घाटावरची जागा इतक्या वर्षांनी त्यांना कुणीतरी मोकळी करून दिली होती. आतून कौसाकाकू म्हणाल्या, "जाताव तर जावा, पण काडतुसं घरी ठेवून." तात्यांनी कान फिरवला.

आता माझं सांगते. मी परवाने रद्द करणारी. मी विरोध करायला पाहिजे होता. मी त्यांना फक्त विचारलं, "तात्या, सभा किती वाजता आहे?"

सभा शाळेच्या पटांगणात, सकाळी. तात्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसले, धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, बंदूक मांडीवर आडवी. भैयाची पांढरी गाडी आली. पोरांनी बघितलं. कुणी उतरलं नाही, काचा तेवढ्या खाली झाल्या. माणसं यायला लागली. बायका आल्या. इतकी गर्दी त्या पटांगणात झेंडावंदनाला होत नाही. मी खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. ग्रामसेवकानं अडखळत ठराव वाचला : गायरान क्रशरला देऊ नये. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.

सगळे हात वर.

सगळे. एकही खाली नाही. कडेची पोरं टाळ्या वाजवायला लागली, मीही वाजवल्या. तात्या उठून उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील, बापाचं नाव घेतील. पण ते हातांकडं बघत होते. एकेका हाताकडं, रांगेनं. आणि त्यांची नजर रुक्मिणीवर थांबली.

रुक्मिण त्यांच्या भावकीतली सून. दोन मुलं, दोघंही दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयत्यावर जाणारी. गावात क्रशर झाला तर मुलं घरी राहतील, एवढंच तिचं गणित, आणि ते तिनं आदल्याच दिवशी तात्यांना त्यांच्या ओसरीत तोंडावर सांगितलं होतं. मी तिथं होते. तात्यांनी तिचं ऐकून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, "चूक."

"रुक्मिणे," तात्या म्हणाले. टाळ्या थांबल्या. "काल काय म्हणलीस मला?"

तिनं हात खाली घेतला.

"मग आज हात कावून वर केलास?"

तिनं पदर पुढं ओढला. "मामा, तुमीच बसलाव की समोर. मांडीवर ती घिऊन."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. तात्या उभेच होते. मी पुढं सरकले, कानाशी लागून म्हटलं, "तात्या, झालंय. ठराव झालाय. बसा खाली."

त्यांनी वळून डावा कान माझ्याकडं केला. "काय म्हणलीस पत्रक? जरा मोठ्यानं म्हण. समद्यांना ऐकू जाऊ दे."

मी मागं सरकले.

तात्यांनी बंदूक उघडून काडतुसं काढली, खिशात घातली. कौसाकाकूंना हाक मारली. "ही घरी ने. आन् येताना शेरभर हरभरा आण, शेरभर ज्वारी आण, आन् एक घागर आण." ग्रामसेवक म्हणाला, "तात्या, ठराव मंजूर झालेला आहे, लिहितोय मी." तात्या म्हणाले, "खोड. ते हात मला भिऊन वर झाले. मला भ्याले काय आन् त्या गाडीतल्यांना भ्याले काय, गाव भ्यालंच ना?"

घागर शाळेच्या खोलीत ठेवली, तोंडावर फडकं. प्रत्येकाच्या हातात एक हरभरा, एक ज्वारीचा दाणा. क्रशर पाहिजे त्यानं हरभरा टाकायचा, गायरान राहू द्यायचं त्यानं ज्वारी. एकेकानं आत जायचं, दार लोटून घ्यायचं. उरलेला दाणा आतच तोंडात टाकायचा, म्हणजे बाहेर कुणाला दाखवायला काही राहणार नाही.

"तात्या," एक दात पडलेला म्हातारा रांगेतून ओरडला, "मला हरभरा चावंना!"

"मग ज्वारी खा की."

"म्हंजी मी हरभरा टाकला हे समद्यांना कळलंच की!"

सगळं पटांगण हसलं. गाडीतल्या पोरांतलं एक हसलं, मी पाहिलं. तात्या म्हणाले, "मग निस्ता गीळ. पर चावल्यावानी कर." आणि लोक दार लोटून आत जायला लागले. दार बंद, दार उघडं. गाडीतून कुणाला काही दिसत नव्हतं. लिंबाखालूनही दिसत नव्हतं. तात्या शेवटी गेले.

घागर ताटात पालथी केली. दोन शाळामास्तरांनी एक हरभरा, एक ज्वारी अशा जोड्या लावून बाजूला सारायला सुरुवात केली. ज्वारी संपली. ताटात मूठभर हरभरे उरले.

क्रशर जिंकला होता. भैयाची गाडी हॉर्न वाजवत गेली.

मी तात्यांना काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. हातात आलेलं घालवलंत म्हटलं. तत्त्वं पाळायला तुमचं काय जातं, गायरान शेरडावाल्यांचं गेलं, म्हटलं. "माझं बी रान लागूनच हाय," ते एवढंच म्हणाले. मी म्हटलं, मग आता सांगा, बंदूक स्वातंत्र्य राखते का? त्यांनी खिशातून काडतुसं काढून हातावर घेतली. मग म्हणाले, "राखती. ज्याच्या हातात आसती त्याचं."

हे वाक्य मी पत्रकात छापू शकले असते. छापलं नाही. कारण ते वाक्य माझ्या बाजूचं असूनही गायरान गेलं होतं, आणि मला अजून वाटतं, जाऊ द्यायला नको होतं. तात्या, ऐकताय ना, मला अजून वाटतं. या, आणि 'चूक' म्हणा.

क्रशर सुरू झाला. सुरुंग उडायला लागले. तात्यांच्या तुरीवर पांढरा थर बसला, काकू भाकरी वाढताना म्हणायच्या, "खावा आता खडी." रुक्मिणीच्या धाकट्याला क्रशरवर काम मिळालं, थोरला कोयत्यावर गेलाच. बंदूक खुंटीवरच राहिली. तात्यांनी परवाना काढून टाकला असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं होतं. त्यांनी तो वेळेवर नवा करून आणला. "रानडुकरं हायेत की," म्हणाले, आणि त्याउपर त्या बंदुकीबद्दल आमच्यात शब्द झाला नाही. भांडायचं संपलं तसं माझं जाणंही कमी झालं. मोर्चे होते, पत्रकं होती. पुढच्या महिन्यात जाऊ म्हणता म्हणता हिवाळ्यात फोन आला, तात्या झोपेतच गेले.

त्याआधी एकदाच भेटले. पावसाळा सरत आला होता. सुरुंग कोणत्या वेळी उडवायचे यावर ग्रामसभा होती, दुपारची. मी पोचले तर शाळेत सतरंजी टाकलेली, ग्रामसेवक एकटा मोबाईल बघत बसलेला. तात्या कुठं? तो म्हणाला, गावात फिरतायत, घरोघर.

रुक्मिणीच्या दारात सापडले. वाळले होते खूप. ती चुलीपाशी होती.

"मामा, मी येऊन काय करू?" ती आतून म्हणत होती. "तुमी म्हणणार सुरुंग बंद करा. माझं लेकरू हाय तिथं कामाला. मी काय तुमच्या बाजूनं बोलायची न्हाई."

"मग माझ्या विरुद्ध बोलायला ये. लई बोल. पण तितं येऊन बोल."

"दोन भाकरी राह्यल्यात माझ्या."

"टाक. आमी थांबतो."

आणि ते दारातल्या दगडावर बसले. मला म्हणाले, "तू हो पुढं, पत्रक. ग्रामसेवकाला सांग, सुरू करू नको म्हणावं. रुक्मिण यायची हाय."

मी निघाले. गल्लीच्या वळणावर मागं पाहिलं. तात्या दाराकडं तोंड करून बसले होते, आणि आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.